गोळा टाकण्याआधी

असं समज, की तुझ्या उजव्या हातात एक हातगोळा आहे. मोठ्या लिंबाएवढा, काळपट, वर एक कडी. कडी तू आत्ताच ओढली आहेस, म्हणजे आता तो फार वेळ हातात ठेवून चालणार नाही. गंमत अशी, की त्याला वजनच नाही. डोळ्यांवरच्या जाड चष्म्यातून तो दिसतो, हातातल्या पातळ मोज्यांमुळे बोटांनाही कळतो, पण मनगटाला त्याचा पत्ता नाही. समोर एक पडकी गिरणी आहे. जिन्यावरून करडी माणसं हळूहळू वर येत आहेत. आणि तू आहेस बारा वर्षांची मुलगी, जिचा नेम सहसा चुकत नाही.

समजलं? मग टाक.

तिनेही टाकला. गोळा जिन्याच्या भिंतीवर आपटला, वळला आणि करड्यांच्या घोळक्यात बरोबर मधोमध पडला. मोठा आवाज झाला. घोळका नाहीसा झाला. त्याच जिन्यावर पायरीआड दबा धरून बसलेला तिचा साथीदार लंबूही नाहीसा झाला.

खऱ्या खोलीत लंबूने चष्मा कपाळावर चढवला.

"मेलो," तो म्हणाला. "पुन्हा. करड्यांच्या हातून मेलो असतो तर घरी सांगता तरी आलं असतं. हे म्हणजे आपलेच दात नि आपलेच ओठ."

ताईनेही चष्मा काढला. ताई त्यांची कप्तान. वयाने मोठी, कॉलेजात जाणारी, आणि हरल्यावर आवाज न चढवणारी. तिचा आवाज जितका खाली जाई, तितकी पोरं जास्त घाबरत.

"गोळा टाकायच्या आधी सांगायचं असतं," ती म्हणाली.

"सांगितलं होतं."

"कुणाला? मला तर काही ऐकू आलं नाही. लंबू, तुला?"

"मला नंतरचं ऐकू आलं. धडाम असं."

"मी सांगितलं होतं," मुलगी पुन्हा म्हणाली. खालचा ओठ तिने दातांत धरला होता. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती, आणि म्हणूनच ताईला जास्त राग आला.

हा खेळ चालायचा चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दुकान काकांचं. खाली ते अजूनही लोकांचे डोळे तपासून चष्मे देत, आणि वर आभासी खेळाचे चष्मे भाड्याने. "खाली दिसत नसलेलं दाखवतो, वर नसलेलं दाखवतो. धंदा एकच," असं ते सांगत. वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीवर तीन गोल आखलेले होते, एकेका खेळाडूला एकेक. गोलाबाहेर पाऊल पडलं की चष्म्यात निळी जाळी दिसे. एका भिंतीवर मोठा पडदा होता. खेळणाऱ्यांना चष्म्यात जे दिसे, ते बघणाऱ्यांना पडद्यावर दिसत असे.

गिरणीचा खेळ जिवंत राहण्याचा होता. करडी माणसं सगळीकडून येत राहतात. गोळ्या थोड्या, हातगोळे त्याहून थोडे. खेळातली रात्र सरून उजाडेपर्यंत तिघांपैकी कुणीही मरता कामा नये. एक गेला की सगळे हरले. काकांकडे आजवर कुणालाच उजाडलेलं दिसलं नव्हतं. येत्या रविवारी स्पर्धा होती, आणि ताईने मनाशी ठरवलं होतं, की पहिली पहाट आपण बघायची.

मुलीला तिने निवडलं होतं ते हातासाठी. बाकीची मुलं बिनवजनाचा गोळा खऱ्या दगडासारखा भिरकावत आणि तो गिरणीच्या छतापलीकडे जाई. ही मात्र मनगटातून हलकेच सोडत असे. कोपऱ्याआडच्या करड्यांवर भिंतीचा टप्पा घेऊन टाकी. कडी ओढल्यावर लगेच न टाकता क्षणभर हातात धरी, म्हणजे करड्यांना पळायला सवड मिळत नसे. आपल्याला ज्या दारातून बाहेर पडायचं, त्या दारात ती कधीच गोळा टाकत नसे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने बघून बघून उचललं होतं. बघण्यात ती वस्ताद होती.

फक्त सांगायचं तेवढं राहत होतं. पोरं तिला घरभेदी म्हणू लागली होती. आधी गमतीने, मग खरोखरच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई तिच्या घरी गेली. रविवारी तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी घ्यायचं ठरलं होतं. असली गोष्ट फोनवर सांगणं ताईला बरं वाटेना. तिने घंटीचं बटण दाबलं. घंटी वाजलीच नाही. दाराच्या वरच्या काचेतून मात्र आतला दिवा उघडमीट होताना दिसला.

दार आईने उघडलं. आईला ऐकू येत नसे, जन्मापासून. ती बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. पट्ट्यावरून धावणाऱ्या बाटल्यांतली केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटत नसे, मग पोरीच्या गणवेशावरचा डाग कुठला सुटायला. मायलेकी हातांनी बोलत. बाहेरच्या जगाशी बोलायचं झालं की मुलगी मध्ये उभी राही. दवाखान्यात, बँकेत, दुकानात. शाळेच्या पालकसभेतसुद्धा. बाई तिच्या तक्रारी तिलाच सांगत आणि ती त्या आईला हातांनी सांगे, एकही न गाळता. एकदा तिने एक गाळून बघितली होती. आईने बाईंच्या चेहऱ्यावरून ओळखलं, आणि त्या आठवड्यात मुलगी बाहेर खेळायला गेली नाही.

ताई खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी असं म्हणत होते," तिने सुरुवात केली, "की रविवारी आम्ही दुसऱ्या कुणाला तरी घेतो. तुझं वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वेळी बघू."

आईने मुलीकडे पाहून भुवया उंचावल्या. काय म्हणतेय ही?

मुलीने हात वर केले. क्षणभर ते तसेच राहिले. मग तिने सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. स्वतःला संघातून काढल्याचा निरोप स्वतःच्याच हातांनी. ताईला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण हात कुठे अडखळले ते कळलं, आणि तिने जमिनीकडे बघायला सुरुवात केली.

आईने उत्तर दिलं. हात थोडेच हलले.

"चहा घेणार का विचारतेय," मुलगी म्हणाली.

"एवढंच म्हणाली?"

"नाही. पण ते माझ्यासाठी होतं."

मुलीने चहा ठेवला. स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहतील एवढी जागा. आई तिच्याकडे अर्धवट पाठ करून फडताळातून कप काढत होती. चहा उकळला. मुलीने चिमट्याने भांडं उचललं आणि वळण्यापूर्वी डावा हात उंच केला. पंजा उघडला, मिटला. आईने मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं तेवढं पुरलं. ती एक पाऊल बाजूला सरकली, आणि उकळतं भांडं ती जिथे उभी होती तिथून पार झालं.

ताई उभी राहिली.

"आत्ता काय केलंस?"

"काय केलं?"

"हाताने. डाव्या."

"गरम आहे म्हटलं. बाजूला हो म्हटलं."

"तू काहीच म्हणाली नाहीस."

मुलीने भांडं खाली ठेवलं आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्यांचा आहे.

"हेच तू गिरणीत करतेस," ताई म्हणाली. "प्रत्येक वेळी. मला वाटायचं, मोजा नीट बसत नाही म्हणून पंजा झटकतेस."

"मी सांगितलं होतं," मुलगी हळूच म्हणाली.

"हो गं बाई. सांगितलं होतंस. आम्ही बघत नव्हतो."

घाईच्या क्षणी तिच्या तोंडाच्या आधी हात बोलत असे, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. आपण कसं चालतो, हे तरी कुणाला कुठे माहीत असतं?

ताईने तिला संघात ठेवलं आणि तोंडाने ओरडायची सवय लाव म्हणून सांगितलं. मुलीने तसं करूनही पाहिलं. पण ओरडायचं लक्षात ठेवलं की नेम चुके, आणि नेम साधला की ओरडायचं राहून जाई. शेवटी ताईने लंबूला म्हटलं, "एकीची सवय मोडण्यापेक्षा दोघांनी नवी लावून घेणं सोपं आहे."

"दोघं म्हणजे मी आणि कोण?" लंबूने विचारलं.

"मी."

मग मुलगी त्यांना शिकवू लागली. गोळा येतोय. मागे सर. खाली बस. थांब. दार. मी आहे. फार नाही, गिरणीत लागतील तेवढेच शब्द. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट, सारखं एकमेकांकडे बघत राहायचं. ताई पटकन शिकली. लंबूची बोटं मात्र लाकडाची. तो "मागे सर" म्हणू लागला की मुलीला हसू फुटे.

"काय झालं? चुकलं?"

"जवळजवळ बरोबर आहे."

"जवळजवळ म्हणजे?"

"कळतं मला. चालेल."

रविवार आला. दुपारपासून वरच्या मजल्यावर गर्दी जमली. पहिला संघ गेला आणि हरला. दुसराही गेला. दोन्ही वेळा एकच झालं, आणि ते ताईने बारकाईने पाहिलं. या खेळात एक खोच होती. हातगोळा जवळ फुटला की चष्म्याच्या कान झाकणाऱ्या इअरफोनमुळे दडे बसत. शिटीसारखा एक बारीक आवाज तेवढा उरे, आणि बराच वेळ आपल्या साथीदारांचं बोलणंही ऐकू येत नसे. शेवटच्या टप्प्यात करडे इतके येत, की हातगोळ्यांवाचून निभाव लागत नसे, आणि गोळे टाकले की सगळे बहिरे. मग तिघंही एकमेकांवर ओरडत. काय? कुठे? कोण? आणि त्या गोंधळात कुणीतरी मरे.

तिसरा संघ यांचा. मुलगी मोजे घालत असताना जिन्याच्या तोंडाशी आई दिसली. कारखान्याच्या निळ्या सदऱ्यातच आली होती. मुलीने तिला बोलावलं नव्हतं. काकांनी पुढे होऊन काहीतरी विचारलं. आईने मुलीकडे बघितलं, आणि मुलगी एका हातात मोजा घेऊन धावली.

"बसायला पुढे हवं की मागे, विचारताहेत."

आईने हाताने उत्तर दिलं.

"पुढे," मुलगी काकांना म्हणाली. मग आईला म्हणाली, हातांनीच, की हा नुसता खेळ आहे, तुला कंटाळा येईल.

आईने खुर्ची पडद्यासमोर ओढून घेतली.

खेळ सुरू झाला. गिरणीत अंधार पडला. सुरुवातीला करडे एकेक करून आले, आणि मुलीने हातगोळ्यांना हातही लावला नाही. लंबूने जिना सांभाळला, ताईने खिडकी. मग जिन्यावर पायांचा आवाज झाला. बराच मोठा. मुलीचा डावा हात वर गेला. पंजा उघडला, मिटला. लंबूने ते पाहिलं आणि तो जिन्यावरून उडी मारून मागे आला. गोळा भिंतीवर टप्पा खाऊन खाली गेला.

आवाज झाला आणि कान गेले. इथपर्यंत सगळेच आले होते.

बघणाऱ्यांना वाटलं, आता आरडाओरडा सुरू होणार. पण खोलीत शांतता पसरली. तीन गोलांत तीन मुलं उभी होती, तोंडं मिटलेली, हात हलत होते. पडद्यावर सहा हात दिसत होते, अंधारात फिकट चमकणारे. मुलीने लंबूला दार दाखवलं. लंबू दाराशी गेला. ताईने थांब म्हटलं. मुलगी थांबली, हातातल्या गोळ्याची कडी न ओढता. करड्यांची रांग ताईच्या खिडकीखालून पुढे सरकली, सगळी एका ठिकाणी गोळा झाली, आणि तेव्हा ताईने मान हलवली. एका गोळ्यात सगळी रांग गेली. पहिल्या दोन संघांनी तिथे पाच-पाच खर्च केले होते.

मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी आधी लक्षात आलं. पुढच्या खुर्चीतली ती निळ्या सदऱ्यातली बाई प्रत्येक स्फोटाच्या आधीच पाय वर घेत होती. कधी डावीकडे झुकत होती, आणि पाठोपाठ पडद्यावरची मुलं डावीकडे जात होती. एकदा सगळे श्वास धरून बसले असताना ती एकटीच हसली.

"काका, त्यांना आधी कसं कळतं?" एकाने कुजबुजत विचारलं.

"गप्प बस आणि त्यांच्याकडे बघ," काका म्हणाले. "पडद्यापेक्षा लवकर कळेल."

शेवटी मुलीकडे एकच गोळा उरला. खिडकीबाहेरचं आभाळ काळ्याचं करडं होऊ लागलं होतं. त्याच वेळी मागची भिंत फुटली. ताई त्या भिंतीजवळच होती. जात्याच्या मोठ्या दगडाला पाठ लावून ती उभी राहिली. तिची बंदूक रिकामी झाली होती. मुलगी आणि ताई यांच्यामध्ये सगळी करडीच करडी माणसं.

गोळा टाकला तर ताई जाणार. नाही टाकला तरी जाणार. आणि ताई गेली की सगळे गेले.

मुलीने हात वर केला. पंजा उघडला, मिटला. मग तळवा खाली दाबला. खाली बस.

करड्यांच्या डोक्यांवरून तेवढा हातच दिसत होता. याच मुलीने आजवर साथीदारांना उडवलं होतं. ताईने एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि जात्याच्या दगडाआड अंग टाकलं. पुढचं काही दिसू नये अशा जागी, अगदी तोंड खाली घालून.

मुलीने कडी ओढली. टाकला नाही. धरून ठेवला. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी "अगं टाक, टाक" असं पुटपुटलं. ती खाली वाकली आणि तिने गोळा जमिनीसरसा सोडला, गोटी सोडावी तसा. करड्यांच्या पायांमधून तो गडगडत गेला, दगडाच्या अलीकडे थांबला, आणि फुटला.

पडदा पांढरा झाला.

धूर विरला तेव्हा गिरणीत कुणी नव्हतं. दगडाआडून एक हात वर आला. मी आहे. दाराकडून दुसरा हात वर आला, लाकडी बोटांचा, वेडावाकडा. मी आहे. आणि खिडकीतून पिवळं ऊन आत पडलं, जे त्या खोलीत कुणी कधीच पाहिलं नव्हतं.

मग जो गलका झाला, तो खालच्या दुकानात चष्मा घ्यायला आलेल्या आजोबांनीही ऐकला. काका टाळ्या वाजवत होते आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं. पोरं घरभेदी, घरभेदी म्हणून ओरडत होती, पण आता त्या नावाचा आवाजच वेगळा होता. लंबूने मुलीला उचलून घ्यायचा प्रयत्न केला आणि स्वतःच आखलेल्या गोलात कोलमडला. ताईने काही केलं नाही. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो थोडा वेळ तिथेच राहू दिला.

आई उठून त्यांच्याजवळ आली. लंबूसमोर उभी राहिली आणि त्याला काहीतरी सांगू लागली, भराभर, कपाळाला आठ्या घालून.

लंबू घाबरला. "काय म्हणताहेत? रागावल्यात का?"

मुलगी मध्ये आली. "ती म्हणतेय, तू मागे सर म्हणताना अंगठा..."

"थांब," ताई म्हणाली. "तू नको सांगूस. आम्हाला कळतंय का बघू दे."

ती आईकडे वळली. बोट स्वतःच्या डोळ्यांकडे नेलं, मग आईच्या हातांकडे. पुन्हा. सावकाश.

आई क्षणभर थबकली. मग तिने लंबूचा हात हातात घेतला, त्याचा अंगठा आत वळवला आणि हात मागे नेला. असं. नंतर अंगठा बाहेर ठेवून तेच करून दाखवलं, आणि दुसऱ्या हाताने चुलीवरचं भांडं, त्यातून वर येणारा फेस, ओट्यावरून खाली ओघळणारा.

ताईच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "लंबू," ती म्हणाली, "लढाईभर तू आम्हाला दूध उतू गेलं म्हणून सांगत होतास."

"आणि तुम्ही मागे सरत होता?"

"दूध उतू गेल्यावर माणूस मागेच सरतो."

आईला हसू आवरेना. लंबूने हात पुढे केला, अंगठा आत घेतला, परत चुकवला. आईने त्याच्या मनगटावर हलकी चापट मारली आणि पुन्हा दाखवलं. ताईने आणखी काहीतरी विचारलं, दोन्ही हातांनी, चुकतमाकत. आईने उत्तर दिलं. ताईला ते अर्धंच कळलं, तिने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा सांगितलं.

मुलगी तिघांच्या मध्ये उभी होती. सांगण्यासाठी तिचे हात छातीपर्यंत वर आले होते आणि तिथेच थांबले होते. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा ताईकडे. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

तिने मोजे काढले. दोन्ही हात खिशात घातले आणि चौथा संघ कसा खेळतो ते बघायला पडद्यासमोर, आईच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.